खडकाचा तुकडा

आण्णा, आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. माळावरची तुमची झाडं मी तोडली. दुसरं कुणी तोडत होतं आणि मी नुसती बघत उभी होते, असंही नाही. पहिल्या झाडाच्या बुडात पहिला घाव मीच घातला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. त्या दिवशी कुऱ्हाड उचलली तेव्हा मात्र तो अगदी कानाशी आला. वनखात्याच्या चौकीच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. हीच ती चौकी, जिच्या दाराशी तुम्ही वहाणा झटकायचात आणि मग आत न जाता बाहेरच बसायचात. समोर माळ पसरला आहे आणि त्याच्या पार कडेला हैदराबादच्या रस्त्यावरचे ट्रक नळदुर्गाकडे सरकताना दिसतात. मी अगदी लहान होते तेव्हा इथून तो रस्ता दिसायचा. मग तुमची झाडं वाढली आणि तो दिसेनासा झाला. आता पुन्हा दिसतो.

तुम्ही वनखात्यात मजूर होतात, पण गावात तुम्हाला सगळे झाडवाले म्हणायचे आणि तुम्हाला ते मनातून आवडायचं, हे आईला आणि मला पक्कं ठाऊक होतं. रविवारी शाळा नसली की तुम्ही मला सोबत न्यायचात. आई फडक्यात भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा बांधून द्यायची. माळावर पोचलं की दोघं माणसं दोरी ताणून धरायची. दोरीला ठराविक अंतरावर गाठी असायच्या आणि प्रत्येक गाठीखाली चुन्याची चिमूट टाकायचं काम माझं. मागून तुम्ही पहार घेऊन येणार, खुणेवर खड्डा घेणार, मुरूम बाजूला सारणार. त्या खड्ड्यात पावसाच्या तोंडाशी रोप बसायचं, कुठं उंदीरमारी, कुठं सुबाभूळ. माझ्या हाताला मोठं खुरपं पेलत नाही हे बघून तुम्ही लोहाराकडून माझ्या मुठीच्या मापाचं खुरपं करून आणलंत. बाभळीच्या लाकडाची मूठ, तीही तुम्ही स्वतः काचेनं घासून गुळगुळीत केलेली. म्हणालात, हे तुझं, कुणाला द्यायचं न्हाय, आईनं मागितलं तरी न्हाय. आईनं लगेच मागितलं आणि मी ते पाठीमागे लपवलं. तुम्ही दोघं किती हसला होतात! अजून आहे ते माझ्याकडे. मूठ आता तीन बोटांतच भरते.

आणि ती संध्याकाळ. तिच्याबद्दल मी तुमच्याशी कधीच बोलले नाही, तुम्हीही बोलला नाहीत. आपल्या अंगणात वाकडी झालेली एक पहार मेखेसारखी ठोकलेली असायची आणि तिला शेळी बांधलेली असायची. शेळी नुकतीच व्याली होती. करडू काही खाईना म्हणून मी चौकीजवळच्या सुबाभळीच्या रोपाचा कोवळा शेंडा मोडून आणला. माझ्या खांद्याएवढंच होतं ते रोप. मला वाटलं, एवढ्या हजार झाडांत एका शेंड्याचं काय. त्याच दिवशी आईला ताप होता, म्हणून भाकऱ्या मी थापल्या होत्या, आयुष्यातल्या पहिल्या. वाकड्यातिकड्या, पण फुगलेल्या. तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसलात, दारातून करडाच्या तोंडातला पाला बघितलात आणि विचारलंत, कुठला? मी खरं ते सांगितलं. तुम्ही ताट हातानं पुढं सरकवलंत. म्हणालात, "झाड मोडणाऱ्या हाताची भाकरी मला न्हाय चालायची." आणि उठून गेलात. मारलं असतंत तर मी दोन दिवसांत विसरले असते. त्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी शेळीनं खाल्ल्या आणि मला मात्र कितीतरी दिवस परातीत हात घालायची भीती वाटत होती.

तुमच्या मागे मी परीक्षा दिली आणि वनरक्षक झाले. तुम्ही असतात तर गावभर सांगत फिरला असतात, मुलगी गार्ड झाली म्हणून. पहिली काही वर्षं येडशीकडच्या जंगलात काढली, मग बदली होऊन याच माळावर आले. खरं सांगते, आले त्या दिवशी ऊर भरून आला होता. ओळीच्या ओळी उभ्या होत्या, तुमच्या गाठींच्या अंतरानं. पण दोन-चार आठवडे त्यांच्यातून फिरले आणि काहीतरी खटकायला लागलं. खाली गवताची काडी नव्हती. तित्तर ओरडत नव्हता. काळवीट तर नावालाही नाही. लहानपणी आपण दोरी ताणायचो तेव्हा लांबवर काळवीटांचा कळप उधळायचा आणि तुम्ही म्हणायचात, बघ, पाय जमिनीला लागतात का त्यांचे. मी बघत राहायचे आणि चुना भलतीकडेच पडायचा. ते सगळे गेले कुठं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, पण त्याचं उत्तर त्या ओळींतच उभं असेल असं काही माझ्या मनात आलं नाही.

ते आमच्या खात्यातल्या साहेबांनी सांगितलं. वयानं माझ्याहून बरेच लहान, पण शिकलेले आणि पायी फिरणारे. वरून आदेश आला होता की बाहेरून आणून इथं लावलेली झाडं काढायची आणि गवताचा माळ पुन्हा उभा करायचा, माळढोकासाठी, लांडग्यासाठी. साहेब म्हणाले, माळढोकाला लांबवर बघायला लागतं. त्याची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते आणि चारी बाजूंनी कोण येतंय ते दिसलं नाही की जागा सोडते. झाडं लावली की त्याची नजर अडते, वर कावळे बसतात, आडोशाला कोल्हे लपतात. आपण सगळ्यांनी हा माळ उजाड समजला, कागदावर पडीक लिहिला आणि त्यावर उपकार केल्यासारखी झाडं लावली, पण माळ मुळात उजाड नव्हताच. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, साहेब, ही माझ्या वडलांनी लावलीत. ते म्हणाले, हे काम मी दुसऱ्या गार्डकडे देऊ शकतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आण्णा, मला त्यांचा राग आला आणि तुमचाही आला. घरी जाताना ठरवलं की तोडायचीच असतील तर परक्या हातानं नकोत.

पहिलं झाड पडलं त्या संध्याकाळी मी जेवायला बसले नाही. आई आता खूप थकली आहे, पण नजरेतून काही सुटत नाही तिच्या. तिनं ताट वाढून माझ्यासमोर आदळलं. म्हणाली, "खा गप. एक माणूस उपाशी उठला व्हता या घरात, लई झालं तेवढं." म्हणजे ती संध्याकाळ तिनंही जपून ठेवली होती. मी जेवले. तापातही तिनं सगळं ऐकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण पहिलं वर्ष वाईट गेलं. उंदीरमारीचं खोड कापलं की बुडाला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून मुळासकट काढावी लागली, आणि यंत्र घातलं तर माती उलथून जाते म्हणून सगळं टिकाव-पहारीनं. गावातल्या बायका कामाला होत्या. मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरून मागवलेलं गवताचं बी पेरलं, आणि हसाल तुम्ही, ते मी सवयीनं दोरी ताणून ओळीत पेरलं. उगवलं काय, तर गाजरगवत. जिकडे तिकडे गाजरगवत आणि मधे उघडा मुरूम. गावात लोक मला बघितलं की विचारायचे, बाई, झाडं बी गेली, गवत बी न्हाय, आता काय लावताव? कुणी म्हणे बापानं लावलं ते लेकीनं खाल्लं. दिवसभर ऐकायचं आणि हसून सोडून द्यायचं. साहेबांवरही वरून दबाव होता. त्यांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की अजून एक पावसाळा बघतील, तोवर गवत धरलं नाही तर हे काम बंद होईल, माळ पुन्हा पडीक म्हणून लागेल, आणि पडीक जमिनीवर किती जणांचा डोळा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पवनचक्क्यांच्या रांगा पलीकडच्या माळापर्यंत आल्याच होत्या. तुमची झाडंही गेली आणि माळही गेला, असं होणार होतं. ते माझ्या हातून होणार होतं. त्या दिवसांत मला तुमची आठवण नको वाटायची.

त्याच हिवाळ्यात मामा भेटले. मेंढरं राखणारे, सगळा गाव त्यांना मामाच म्हणतो. तुमचं आणि त्यांचं कधी पटलं नाही, कारण रोपं लावली की तो भाग चराईला बंद व्हायचा आणि मेंढरं आत शिरली की हाकलायला तुम्ही जायचात. हाकलून झालं की चौकीवर दोघांचा चहा व्हायचा, ती गोष्ट वेगळी. मामा आता काठीच्या आधारानं चालतात, मेंढरं सून बघते. मी गाजरगवत उपटत होते तिथं येऊन ते उभे राहिले आणि विचारलं, बी कुठनं आणलं व्हतं? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, हितलं बी हितंच हाय की, बापानं ठिवलंय तुझ्या. मला वाटलं वयामुळे काहीतरी बोलताहेत. मग त्यांनी काठीनं ओढ्याच्या बाजूला दाखवलं. तो तुकडा मला नकाशावरून माहीत होता. त्यावर लिहिलंय, खडकाळ, लागवडीस अयोग्य. मी कधी तिकडे नीट गेलेच नव्हते, खडक बघायला कोण जातं.

आम्ही तिथवर चालत गेलो. मामा ओढ्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, "तुझा बाप आयुष्यात एकदाच खोटं बोलला. म्या व्हतो की हितं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या भागात दोरी ताणून चुना टाकून झाला होता. खड्डे घ्यायला तुम्ही एकटेच पुढं आलात आणि पाच-सहा पावलांवरून माळढोकाची मादी उठली. उडाली नाही, मान ताठ करून चालत बाजूला झाली आणि तिथंच घुटमळत राहिली. खाली जमिनीवर एकच अंडं होतं, मुरमाच्या रंगाचं. तुम्ही पहार टेकवून कितीतरी वेळ बसून राहिलात. मामा मेंढरांच्या मागं आले होते, त्यांना तुम्ही हातानंच थांबवलंत. मग उठलात आणि पायानं चुन्याच्या खुणा पुसायला लागलात, एकेक, सगळ्या. ओढ्याजवळ जाऊन पहार एका दगडावर आपटलीत, पुन्हा आपटलीत, टोक वाकडं होईपर्यंत. दुपारी तुमचे त्या वेळचे साहेब आले तेव्हा ती वाकडी पहार त्यांच्यापुढं धरलीत आणि म्हणालात, खाली सगळा खडक हाय, पहार लागत न्हाय. साहेबांनी पहार बघितली आणि कागदावर लिहून टाकलं. ते गेल्यावर मामांनी विचारलं, झाडवाले, हे काय केलंव? तर तुम्ही त्यांना म्हणालात, "मामा, समदा माळ सायबाचा. एवढा तुकडा तिचा."

मी ते ऐकलं आणि आपलं अंगण डोळ्यापुढं आलं. ती वाकडी पहार, तिला बांधलेली शेळी, करडू. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही माझी भाकरी सरकवलीत तेव्हा तुम्हाला हे सगळं आधीच ठाऊक होतं. त्या पाखराला झाडं नको आहेत हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं होतंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी ताणून झाडंच लावायला गेला होतात, कारण तीच तुमची नोकरी होती आणि त्यावरच आपली चूल पेटत होती. मला आधी तुमचा भयंकर राग आला. एवढं कळलं होतं तर मला का सांगितलं नाहीत? निदान आईला? का एका शेंड्यासाठी लेकीच्या पहिल्या भाकरीवरून उठून गेलात? मग बसल्या बसल्या मला वाटलं, तो राग माझ्यावर नव्हताच कदाचित. ज्या कामावर माणसाचा आतून विश्वास डळमळलाय, त्याच कामाचा तो जास्त कडक पहारेकरी होतो. मला वाटलं हं, तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत नाही. तुम्हाला विचारता येत नाही याचं त्या दिवशी जितकं वाईट वाटलं तितकं तुम्ही गेलात त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचं दिलेलं खुरपं घेऊन त्या तुकड्यावर गेले आणि जमिनीत घातलं. मुठीपर्यंत गेलं. खडक नव्हताच, वीतभर चांगली माती होती आणि त्यावर इथलंच जुनं गवत होतं, पवन्या होता, मारवेल होता, कुसळी होती, लहानपणी माझ्या परकराला चिकटून घरी यायची तीच. सगळा माळ बदलला, तेवढा तुकडा जसाच्या तसा. मी साहेबांना बोलावून आणलं. ते गुडघ्यावर बसले, एक तुरा हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि मग नकाशा काढून हसायलाच लागले. कामावरच्या बायकांना घेऊन आम्ही तुरे पिकायची वाट बघितली, हातानं बी ओरबाडलं, थोडं तिथंच राखलं, उरलेलं शेणामातीच्या गोळ्यांत घालून उन्हाळ्याच्या शेवटी माळभर फेकलं. या वेळी दोरी ताणली नाही. बायकांना सांगितलं, मन मानेल तसं फेका, आणि त्यांनी हसत-खिदळत फेकलं.

लगेच काही चमत्कार झाला नाही, आण्णा. पहिल्या पावसाळ्यात ठिगळं ठिगळं हिरवी झाली. तेवढ्यावर साहेबांनी वर भांडून आणखी वेळ मागून घेतला. पुढच्या वर्षी ठिगळं एकमेकांना भेटली. आता दिवाळीच्या सुमाराला माळ गुडघाभर होतो आणि वारा सुटला की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलताना दिसतो. काळवीट आले, आधी एकटा नर, मग कळप. तुम्ही म्हणायचात तसंच, पाय जमिनीला लागत नाहीत त्यांचे. आणि यंदा मामांनी निरोप पाठवला म्हणून पहाटे उजाडता उजाडता गेले, तर तुमच्या तुकड्याच्या ओहोळाला लांडगीण होती. बिळाच्या तोंडाशी तीन पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. मी मामांना हळूच विचारलं, मेंढरं नेईल की हो तुमची. ते म्हणाले, नेती एखांदं, तिला बी लेकरं हायती. आम्ही दोघं ऊन चढेपर्यंत तिथं पालथे पडून होतो, मामांना उठवताना माझीच कंबर धरली.

माळढोक अजून आलेला नाही. खोटं कशाला सांगू. फार थोडे उरलेत ते, आणि येईल की नाही हे साहेबांनाही सांगता येत नाही. पण मी रोज बघते. आधी तो आला असता तर उतरायला जागाच नव्हती, आता आहे, आणि चौकीच्या पायरीवरून चारी दिशांना लांबवर दिसतं. गेल्या आठवड्यात आईला रिक्षानं इथं आणलं होतं. तिनं डोळ्यांवर हात धरून सगळा माळ बघितला आणि म्हणाली, लगीन होऊन आले तवा असाच व्हता की ग. मग थोड्या वेळानं म्हणाली, त्यास्नी दाखवायला पायजे व्हतं. मी तिच्या शेजारी टेकले आणि ऊन उतरेपर्यंत दोघी गवताकडे बघत बसलो.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. खुरपं ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवलंय त्यात जाईल. पण एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते आईलाही सांगितलेलं नाही. तुमची झाडं तोडली असं मी वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. चौकीजवळची ती सुबाभूळ अजून उभी आहे, जिचा शेंडा मी मोडला होता. मोडल्या जागेपासून तिला दोन फांद्या फुटल्या आणि ती दुबेळक्याची होऊन वाढली. तिचं बी माळावर पडू नये म्हणून दर वर्षी वाळायच्या आत मी सगळ्या शेंगा स्वतः तोडून काढते, त्यात चूक होऊ देत नाही. यादीत तीही होती. साहेबांनी दोनदा विचारलं, एवढी एक का राहिली? मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि सांगितलं, खाली सगळा खडक आहे साहेब, पहार लागत नाही.